दोन तळ्यांच्या मधलं गाव

नकाशावर मॅडिसन शोधलं की आधी पाणी दिसतं, मग शहर. वर मेंडोटा तळं, खाली मोनोना तळं, आणि दोघांच्या मधे जमिनीची एक अरुंद पट्टी, काही ठिकाणी मैलभरसुद्धा रुंद नाही. त्या पट्टीच्या उंचवट्यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं विधानभवन उभं आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती २,६९,८४० भरली. म्हणजे आमच्या सांगली-मिरजेच्या जवळपास निम्मी. विद्यापीठ आणि शेजारच्या व्हेरोनातली, रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणारी एपिक कंपनी, या दोन वाटांनी मराठी माणसं इथे येऊन पोचतात. मी विद्यापीठाच्या वाटेने आले आणि राहिले.

भारतातून कुणी यायचं म्हटलं की फोनवर पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे बघायला काय आहे?" मग तेच पुढे नायगारा, न्यूयॉर्क, लास व्हेगास अशी नावं घेतात. शिकागो इथून गाडीने अडीच तासांवर, म्हणून दोन दिवस शिकागोला जातात. उरलेल्या दिवसांत आईवडील लेकाच्या किंवा लेकीच्या घरात, खिडकीतून मोकळा रस्ता बघत बसतात. सहा महिन्यांचा मुक्काम आणि त्यातले पाच महिने दिवाणखान्यात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मला त्याचं वाईट वाटतं. कारण हे गाव म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लहान मुलांना, गाडी न चालवता येणाऱ्यांना आणि खिशात फार पैसे नसणाऱ्यांना सामावून घेईल असंच घडवलेलं आहे. घडवलेलं, हे मी मुद्दाम म्हणते. ते आपोआप झालेलं नाही.

सुरुवात मात्र जमिनीच्या व्यवहारातून झाली. १८३६ साली जेम्स डोटी नावाच्या माणसाने ही पट्टी विकत घेतली, कागदावर शहर आखलं, त्याला त्याच वर्षी वारलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचं नाव दिलं आणि रस्त्यांना अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांची नावं दिली. राजधानी इथेच व्हावी म्हणून त्याने आमदारांना भूखंड वाटले, थंडीत पांघरायला रानरेड्याच्या कातड्याही दिल्या. राजधानी इथेच झाली. त्याच्या चारच वर्षं आधी, १८३२ च्या तहात, हो-चंक लोकांकडून हा मुलूख काढून घेतला होता. ते या प्रदेशाला 'तेजोप' म्हणतात, म्हणजे चार तळी. आजही ते इथे आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांच्या खुणा शहराच्या मधोमध आहेत. त्यांच्याविषयी पुढे.

पाहुणे उन्हाळ्यात आले की मी पहिल्या शनिवारी सकाळी त्यांना विधानभवनाच्या चौकात नेते. एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी तिथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९७२ पासून भरतोय. विधानभवनाच्या चारी बाजूंच्या रस्त्यांलगत मांडव लागतात आणि माणसांचा सगळा लोंढा एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, चौकाभोवती फिरतो. आपल्या पायांना प्रदक्षिणेची सवय, त्यामुळे पहिल्यांदा येणारा मराठी माणूस हमखास डावीकडे वळतो आणि समोरून येणाऱ्या शे-दोनशे माणसांच्या तोंडासमोर उभा राहतो. आईचं तेच झालं. तिला हाताला धरून वळवलं.

या बाजाराचा मुख्य नियम असा की जो विकतो त्यानेच ते पिकवलेलं किंवा बनवलेलं असायला हवं. दुसऱ्याकडून घेऊन विकायला बंदी. अडत नाही, दलाल नाही. फक्त उत्पादकांचा, असा अमेरिकेतला सगळ्यांत मोठा बाजार म्हणून याची ओळख आहे. त्यामुळे कांद्याच्या पातीची जुडी देणाऱ्या बाईला "हे कधी काढलं?" विचारलं तर ती "काल संध्याकाळी" म्हणते आणि जमीन कुठल्या बाजूची तेही सांगते. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून विस्थापित होऊन विस्कॉन्सिनला आलेल्या ह्मोंग कुटुंबांचे मांडव मला विशेष आवडतात. पालेभाज्या, कोथिंबीर, मिरच्या आणि हंगामात कारलीसुद्धा. ती कारली बघून आईच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो शिकागोच्या उंच इमारती बघून झाला नव्हता. तिने आणि मांडवातल्या आजीने एकमेकींची भाषा न कळता बराच वेळ कारल्याविषयी बोलणं केलं. एकीने हातवारे करून चिरायचं दाखवलं, दुसरीने मीठ लावून पिळायचं.

तिथेच चीजचे ताजे गोळे मिळतात, 'कर्ड्स' म्हणतात त्यांना. आपल्या दह्याशी त्यांचा संबंध नाही. चीजचा दाब देऊन ठोकळा होण्याआधीचे ते तुकडे. त्याच दिवशी केलेले असले की दाताखाली चींचीं आवाज करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज जातो. म्हणून आवाज हीच ताजेपणाची खूण, आणि विकणारेही "खाऊन बघा, वाजतात का" असंच म्हणतात.

बाजार झाला की तसंच विधानभवनात शिरायचं. तिकीट नाही. आत मार्गदर्शकासह फेरी असते, तीही फुकट. १९०६ ते १९१७ अशी अकरा वर्षं ही इमारत बांधत होते. घुमट ग्रॅनाइटचा आहे, २८४ फुटांच्या वर, वॉशिंग्टनच्या घुमटापेक्षा तीनच फूट कमी. वर सोन्याचा मुलामा दिलेली स्त्रीमूर्ती, तिच्या शिरस्त्राणावर बिज्जू, म्हणजे या राज्याचा लाडका बॅजर. आत राज्यपालांच्या दालनाबाहेर वर्षानुवर्षं बॅजरचा कांस्य पुतळा होता, त्याच्या नाकाला हात लावून जायची इथल्या लोकांची रीत होती. नाक तेवढं झिजून चकचकीत झालं होतं.

मला आवडतो तो इथला एक कायदा. विधानभवनापासून एक मैलाच्या आत कुठलीही इमारत घुमटाखालच्या खांबांच्या पायथ्यापेक्षा उंच बांधायची नाही. म्हणून तळ्यावरून, पुलावरून, सायकलवाटेवरून, कुठूनही घुमट दिसतो. जमिनीचे भाव चढलेल्या गावात हा कायदा टिकवून धरणं म्हणजे बिल्डरांना दरवर्षी नाही म्हणणं. ज्या शहरात मी वाढले तिथे कृष्णेच्या पुररेषेतसुद्धा इमारती उभ्या राहिलेल्या पाहिल्यात, त्यामुळे या 'नाही'ची किंमत मला कळते.

उन्हाळ्यातल्या बुधवारच्या संध्याकाळी याच हिरवळीवर वाद्यवृंदाची मैफल होते. लोक दुपारीच चटया अंथरून जागा धरतात, घरून डबे आणतात. आम्ही थालीपीठं नेतो. शेजारच्या चटईवरून कुणीतरी द्राक्षं पुढे करतं, आपण थालीपीठ पुढे करायचं.

विधानभवनापासून विद्यापीठापर्यंत स्टेट स्ट्रीट नावाचा रस्ता जातो, त्यावर खासगी मोटारींना जवळपास मज्जाव आहे. दुकानं बघत, रमतगमत चालत गेलं की रस्ता संपतो तिथे विद्यापीठाचं मेमोरियल युनियन. १९२८ मध्ये उघडलं. त्याच्या मागे मेंडोटाच्या काठावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी मोठी गच्ची आहे, सगळे तिला नुसतं 'टेरेस' म्हणतात. लोखंडी खुर्च्या, पाठीवर उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी, रंग तीनच: हिरवा, पिवळा, नारिंगी. विद्यार्थी, प्राध्यापक, भाजीवाले, तान्ह्या बाळाला घेऊन आलेली जोडपी, चाकाच्या खुर्चीतले आजोबा, सगळे एकाच रांगेत बसून पश्चिमेला तोंड करतात. इथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. शहरातली सूर्यास्त बघायची सगळ्यांत चांगली जागा हॉटेलच्या मालकीची नाही. परगावी गेले की या एका गोष्टीची मला फार आठवण येते.

आता दुधाकडे येते. अण्णा, म्हणजे माझे वडील, आले तेव्हा मॅडिसनमधली सगळ्यांत मोठी गंमत त्यांना कुठे सापडावी, तर आइस्क्रीमच्या दुकानात.

अण्णा आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिव होते. माझं लहानपण संकलन केंद्राच्या वासात गेलं. सकाळ-संध्याकाळ रांग, किटल्या, लॅक्टोमीटर आणि ती फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, मोजायची खटपट. ब्युटायरोमीटर नावाची काचेची नळी, तिच्यात दहा मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, मग यंत्रात घालून हँडल गरागरा फिरवायचं. आम्ल दुधातलं बाकी सगळं विरघळवतं, फक्त स्निग्धांश उरतो, तो फिरवल्यावर एका बाजूला जमतो आणि नळीवरच्या रेघांवर वाचता येतो. गरम झालेली नळी अण्णा उजेडाला धरायचे आणि रांगेतली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. "किती लागली?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या घरची पंधरवड्याची कमाई. अण्णांच्या सगळ्या शर्टांना आम्लाची बारीक भोकं असायची. आई नवा शर्ट संस्थेत घालू द्यायची नाही.

विद्यापीठाच्या आवारात बॅबकॉक हॉल आहे, तिथे विद्यापीठाचीच डेअरी आहे आणि खाली आइस्क्रीमचं दुकान. वरच्या मजल्यावरच्या काचेतून आतली यंत्रं चालताना दिसतात. अण्णांना मी तिथे आइस्क्रीम खायला म्हणून नेलं होतं. ते खात असताना सांगितलं की हे नाव ज्यांचं आहे ते स्टीफन बॅबकॉक इथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि दुधातली फॅट मोजायची सोपी रीत त्यांनी १८९० साली इथेच शोधली.

अण्णांनी चमचा खाली ठेवला. "आम्ल घालूनच?"

"आम्ल घालूनच. आणि फिरवूनच."

आपल्याकडे चालते ती गर्बरची पद्धत, स्वित्झर्लंडमध्ये त्याच सुमारास निघालेली. बॅबकॉकची बाटली वेगळी, लांब मानेची, आणि तिच्यात शेवटी गरम पाणी घालून फॅट मानेत चढवतात. पण तत्त्व एकच. मग मी त्यांना त्याआधीचं सांगितलं. त्याआधी इथल्या डेअऱ्या दूध नुसतं वजनावर घ्यायच्या. पाणी घातलेलं, वरची साय काढलेलं आणि चांगलं सकस, सगळ्यांना एकच भाव. प्रामाणिक शेतकऱ्याचं नुकसान आणि लबाडाचा फायदा. चांगली गाय पाळायचं काही कारणच उरत नव्हतं. या चाचणीने ते बदललं. ती करायला शास्त्रज्ञ लागत नव्हता, गावातला कुणीही माणूस थोडं शिकून करू शकत होता. विस्कॉन्सिनच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर आज 'अमेरिकेची दुग्धभूमी' असं लिहिलेलं असतं, त्यात या एका बाटलीचा मोठा वाटा आहे.

"पेटंटचे किती मिळाले असतील त्यांना?" अण्णांनी विचारलं.

"घेतलंच नाही पेटंट. सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून तर गावागावात पोचलं." आणि थोड्या वेळाने, "नळी उजेडाला धरल्यावर समोरचा माणूस पण बघू शकतो, बाळा. माझ्यावर विश्वास ठेवायची त्याला गरज नाही. ते मोठं काम केलंय बघ त्यांनी."

आयुष्यभर त्या नळीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाकडून मी बॅबकॉकचं याहून नेमकं वर्णन ऐकलेलं नाही. त्यानंतर मुक्कामभर कुणीही भेटलं, की अण्णा त्याला बॅबकॉक हॉलला जायला सांगायचे.

दुधाची दुसरी बाजूही या गावात तळ्याकाठी उभं राहिलं की दिसते, आणि ती लपवून पाहुण्यांना फिरवावं असं मला वाटत नाही. मेंडोटाच्या वरच्या अंगाला शेतं आणि गोठे आहेत. शेणखतातला आणि खतांतला फॉस्फरस पावसाबरोबर ओढ्यांत आणि ओढ्यांतून तळ्यात येतो. कडक उन्हाच्या, वारा पडलेल्या दिवसांत पाण्यावर हिरवी-निळी साय धरते. ते शेवाळासारखं दिसलं तरी जिवाणू असतात, काही वेळा विषारी, कुत्र्यांना आणि लहान मुलांना घातक. मग पोहण्याच्या जागांवर बंदीचे फलक लागतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना पाण्यात सोडण्याआधी आरोग्य खात्याचा त्या दिवसाचा निरोप बघायचाच. उपाय चालू आहेत: ओढ्यांच्या तळाशी पिढ्यान्पिढ्या साचलेला गाळ उपसतात, शेतकऱ्यांबरोबर खत कधी आणि किती टाकायचं याची आखणी करतात. पण तळ्याला बरं व्हायला फार वर्षं लागतात. उत्तर अमेरिकेत तळ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्या ठिकाणी उभा राहिला त्यांत मेंडोटाचं नाव अगदी वर आहे. एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जुडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आयुष्य घातलं. इतकं अभ्यासलेलं तळंही आजारी पडतं, हे मला विद्यार्थिनी असताना फार लागलं होतं आणि अजून लागतं.

व्हायलास प्राणिसंग्रहालयाची गोष्ट मी मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त सांगते. विल्यम व्हायलास हे केंद्रात मंत्री राहिलेले, मोठे वकील. त्यांचा मुलगा हेन्री मधुमेहाने तरुणपणीच गेला. इन्शुलिन यायला तेव्हा अजून बराच काळ होता. विल्यम आणि अ‍ॅना या आईवडिलांनी १९०४ मध्ये त्याच्या नावाने विंग्रा तळ्याकाठी बागेसाठी शहराला देणगी दिली आणि एक अट घातली, इथे यायला कुणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत. १९११ मध्ये बागेत प्राणिसंग्रहालय आलं. अट आजही पाळली जाते. ध्रुवीय अस्वल, सिंह, जिराफ, सगळं फुकट. शाळेतून परतताना आया मुलांना अर्धा तास जिराफ दाखवून घरी नेतात, कारण अर्धाच तास थांबलो तर तिकीट वाया जाईल अशी चिंता नसते.

अशा माणसांची या गावात रांगच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जॉन ऑलिन नावाच्या वकील-प्राध्यापकाने नागरिकांकडून वर्गण्या गोळा करून तळ्याकाठचे रस्ते आणि बागा उभ्या केल्या. पालिकेने नाही, लोकांनी पाच-पाच डॉलर देऊन. आज मोनोना तळ्याला सायकलने वळसा घालता येतो, साधारण वीस किलोमीटरचा, त्यात बराचसा भाग मोटारींपासून वेगळा. मुलं बरोबर असतील तर मधे थांबत, आइस्क्रीम खात सकाळभराचा बेत होतो.

त्या वळशावर दोन जागा लागतात. एक मोनोना टेरेस, सभा-संमेलनांची इमारत. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९३८ मध्ये याचा पहिला आराखडा मांडला, गावाने तो भांडणात, मतदानात, युद्धात आणि राजकारणात अडकवून ठेवला, राइट १९५९ मध्ये वारले आणि इमारत उघडली १९९७ मध्ये. गच्चीवर बाग आहे, कुणीही जावं. तिथेच गायक ओटिस रेडिंग यांच्या स्मरणाची पाटी आहे. १० डिसेंबर १९६७ ला मॅडिसनच्या कार्यक्रमासाठी येताना त्यांचं विमान याच मोनोना तळ्यात कोसळलं. वय होतं २६.

दुसरी जागा ओल्ब्रिक उद्यान. बाहेरची बाग फुकट. तिथे ओढ्यावरचा पूल ओलांडला की सागवानी, सोनेरी वर्ख लावलेला थायलंडचा मंडप उभा आहे. विद्यापीठात शिकून परत गेलेल्या थाई विद्यार्थ्यांच्या संघटनेने आणि थायलंड सरकारने तो भेट दिला. तिकडे घडवला, सुटा करून जहाजाने आणला आणि तिथल्या कारागिरांनीच येऊन जोडला. इथे शिकलेल्या मराठी माणसांनी या गावाला असं काही द्यावं असं मला प्रत्येक वेळी तिथे उभं राहिल्यावर वाटतं. आम्ही बोलतो त्याविषयी, अजून ठरत नाही.

उद्यानात काचेचा पिरॅमिड आहे, आत उष्ण कटिबंधातली झाडं. त्याला थोडं तिकीट आहे. त्याची खरी किंमत जानेवारीत कळते. बाहेर उणे पंधरा, पापण्यांवर दव गोठलेलं, आणि दार उघडलं की ओल्या मातीचा दमट, ऊबदार वास. केळी, व्हॅनिलाच्या वेली, पायाजवळून पळणारे छोटे पक्षी. माझी कोकणातली मैत्रीण इथे नवी आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात दर आठवड्याला जाऊन नुसती बाकावर बसायची.

तेजोपच्या लोकांविषयी लिहायचं राहिलंय. विद्यापीठाच्या वेधशाळेच्या टेकडीवर गवताखाली मातीचे उंचवटे आहेत, एक पक्ष्याच्या आकाराचा आणि एक दोन शेपट्यांच्या जलदेवतेचा. हजारेक वर्षांपूर्वी माणसांनी टोपल्यांनी माती वाहून ते रचले, आणि हो-चंक लोक त्यांना आपल्या पूर्वजांच्या पवित्र जागा मानतात. मेंडोटाच्या पलीकडच्या काठावरच्या एका पक्ष्याचे पंख ६२४ फूट पसरलेले आहेत. नांगरट आणि बांधकामात असे शेकडो उंचवटे गेले, थोडे उरले. त्यांच्यावर चढायचं नाही, बाजूने चालायचं. मेंडोटाच्या तळातून २०२१ मध्ये झाडाच्या एका खोडातून कोरलेली सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची होडी वर काढली, आणि पुढच्याच वर्षी सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची. युनियनच्या टेरेसवर बसून तळ्यात शिडाच्या होड्या बघताना मी हे पाहुण्यांना सांगते. याच पाण्यावर तीन हजार वर्षं होड्या चालताहेत.

संग्रहालयांवर मी फार वेळ घालवणार नाही. विद्यापीठाचं भूशास्त्राचं संग्रहालय लहान आणि उत्तम आहे, मुलांना मॅस्टोडॉनचा, म्हणजे हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा, सांगाडा बघायला जरूर न्या. चेझन कलासंग्रहालयही. दोन्ही फुकट. मिडलटनला मोहरीचं संग्रहालय आहे, जगभरच्या मस्टर्डच्या हजारो बाटल्या, चव घ्यायला चमचे मिळतात. पावसाच्या दुपारी छान. विद्यापीठाची आर्बोरेटम, म्हणजे अभ्यासासाठी राखलेलं रान, मात्र शांतपणे चालण्यासाठी. १९३० च्या दशकात आल्डो लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे नांगरलेल्या जमिनीवर पुन्हा मूळचं गवताळ रान उभं करायला घेतलं. जगात असा प्रयत्न सगळ्यांत आधी झाला त्या जागांपैकी ही एक. ऑगस्टमध्ये गवत डोक्यापर्यंत येतं. आपल्याकडे माळरानांना पडीक जमीन म्हणून खोदून टाकतात, त्या मंडळींनी इथे एकदा यावं.

गाडी असेल तर तासाभरावर बाराबू. तिथे आंतरराष्ट्रीय क्रौंच संस्था आहे, १९७३ पासूनची. जगातल्या क्रौंचांच्या पंधराही जाती एका जागी दिसतात, अशी दुसरी जागा नाही. इथे तिकीट आहे आणि ते आनंदाने काढावं. आपल्या गोंदियाच्या धानशेतांत जोडीने फिरणारा सारस तिथे आहे, माणसाएवढ्या उंचीचा, लाल डोक्याचा. महाराष्ट्रात तो आता बोटांवर मोजण्याइतका उरलाय. अमेरिकेतला पांढरा हूपिंग क्रौंच १९४१ च्या सुमारास विसेक उरला होता, आज शेकड्यांत आहे. हे कसं केलं ते तिथले लोक समजावून सांगतात: अंडी, पिल्लं, माणसाचा चेहरा दिसू नये म्हणून घालायचे पांढरे झगे. आमच्या बरोबर भंडाऱ्याचे एक काका होते. त्यांनी इतके प्रश्न विचारले की मार्गदर्शक मुलगी फेरी संपल्यावरही त्यांच्याशी बोलत थांबली.

आणि हिवाळा. इथे हिवाळ्यात येऊ नका असं सगळे सांगतात, मी सांगणार नाही. तळी गोठतात. १८५० च्या दशकापासून ती कधी गोठली आणि कधी सुटली याची नोंद आहे, आणि त्या नोंदींवरूनच कळतं की बर्फाचा काळ तेव्हापासून जवळजवळ महिनाभराने घटलाय. तेव्हा बघायचं असेल तर लवकर या. गोठलेल्या मेंडोटावर लोक चालतात, स्की करतात, पतंग उडवतात, भोकं पाडून मासे पकडत बसतात. १९७९ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांच्या निवडणुकीत जिंकलेल्या मुलांनी तळ्याच्या बर्फावर स्वातंत्र्यदेवतेचं डोकं आणि मशालीचा हात उभा केला. निवडून आलो तर स्वातंत्र्यदेवता मॅडिसनला आणू असं वचन दिलं होतं, ते पाळलं. त्याच वर्षी विद्यापीठाच्या टेकडीवर एका सकाळी प्लॅस्टिकचे हजारावर गुलाबी फ्लेमिंगो उभे होते. २००९ मध्ये शहराच्या नगरसभेने प्लॅस्टिकच्या फ्लेमिंगोला शहराचा अधिकृत पक्षी जाहीर केलं. मला हे गाव आवडतं त्याचं हेही एक कारण आहे.

अण्णा-आई पुढच्या खेपेला जानेवारीत यायचं म्हणताहेत. अण्णांना बर्फातलं भोक पाडून मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्यांशेजारी बसायचंय. फोनवर त्यांनी आधी हेच विचारलं, की बर्फ किती जाड झाला म्हणजे माणूस त्यावर उभा राहू शकतो. चांगला, नवा, स्वच्छ बर्फ असेल तर चार इंच, असं इथले लोक मानतात, आणि तरी आधी मोजायचं, वाहत्या पाण्याजवळ जायचं नाही, एकट्याने जायचं नाही. मोजतात कसं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. गिरमिटाने भोक पाडून, पट्टी आत घालून, मी म्हटलं. ते खूश झाले. पट्टी मीच वाचणार, म्हणाले. आईने मधेच फोन घेतला आणि बूट कुठले घ्यायचे ते विचारलं. बूट इथे आल्यावरच घेऊ, सांगलीचे चालणार नाहीत.